वादळी वाऱ्यांत शिडाची फळी

सोलापुरापासून समुद्र दूर आहे. आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थ्यांनीं तो अद्याप पाहिलाहि नसेल. तेव्हां समुद्रावरील एका खेळाविषयीं सोलापूरच्या वार्षिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, वारा कांहीं समुद्राच्या मालकीचा नाहीं. वैशाखांत दुपारपर्यंत झाडाचें पान हालत नाहीं, आणि चार-पांच वाजण्याच्या सुमारास एकाएकीं धुळीची भिंत उभी राहून घरांवरचे पत्रे उडूं लागतात, हें आपण दरसाल पाहतों. शिवाय १९८० सालीं भीमेवरील उजनीचें धरण पुरें झाल्यापासून आपल्या जिल्ह्यांत पाण्याचा एक मोठा विस्तार निर्माण झाला आहे. त्यावर मासे धरले जातात, आणि एका तीरावरून दुसऱ्या तीरावर माणसें होडींतून जातात. वारा आणि पाणी हीं जेथें एकत्र आलीं तेथें त्यांचे नियम सर्वत्र एकच. ते नियम ज्या खेळांत अगदीं उघडे दिसतात, तो खेळ म्हणजे विंडसर्फिंग.

या खेळाचें साहित्य थोडें आहे. माणसाच्या उंचीहून थोडी लांब अशी एक तरंगती फळी, तिच्यावर एक डोलकाठी, डोलकाठीला एक शीड, आणि शिडाला दोन्ही अंगांनीं वेढणारी, हातांत धरावयाची एक आडवी दांडी. फळीच्या खालीं मागील बाजूस माशाच्या परासारखें एक पातें असतें. सुकाणू नाहीं, वल्हें नाहीं. सर्व मर्म डोलकाठीच्या बुडाशीं आहे. तेथें एक असा सांधा बसविलेला असतो कीं, डोलकाठी पुढें, मागें, डावीकडे, उजवीकडे, कशीहि कलावी. गलबताची डोलकाठी दोरांनीं ताणून ताठ उभी केलेली असते. येथें ती माणसानें आपल्या हातांनीं उभी धरावयाची. म्हणजे डोलकाठीचा ताणदोर, गलबतांतील नीरम आणि नाखवा हीं तिन्ही कामें एकट्या माणसाकडेच आलीं.

हा शोध कोणाचा, यावर न्यायालयांत वाद झाला. अमेरिकेंत न्यूमन डार्बी यांनीं १९६४ च्या सुमारास शिडाची फळी तयार केली व तिचें वर्णन १९६५ सालीं एका मासिकांत प्रसिद्ध केलें. पुढें कॅलिफोर्नियांतील होयल श्वाइट्झर आणि विमानविद्येचे जाणकार जिम ड्रेक यांनीं फिरत्या सांध्याच्या फळीचें पेटंट मिळविलें, व तिच्या विक्रीवर श्वाइट्झर यांची कंपनी भरभराटली. परंतु इंग्लंडांत प्रकरण न्यायालयांत गेलें, तेव्हां पीटर चिल्व्हर्स नांवाच्या गृहस्थांनीं अशीच फळी १९५८ सालीं हेलिंग बेटाजवळ चालविल्याचें सिद्ध झालें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें बारा वर्षांचें होतें! १९८५ सालीं तेथील अपील न्यायालयानें इंग्लंडांतील तें पेटंट रद्द ठरविलें. आमच्या सहावी-सातवींतील मुलांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९८४ सालीं लॉस एंजलिस येथें हा खेळ ऑलिंपिक सामन्यांत आला; स्त्रियांसाठीं तो १९९२ पासून सुरू झाला.

सुकाणूवांचून फळी वळते कशी? मेजावर एक जाड पुस्तक ठेवा व त्याच्या लांब कडेच्या मध्यावर बोटानें दाबा. पुस्तक सरळ सरकेल. आतां टोकाजवळ दाबा. पुस्तक गिरकी घेईल. शिडावर पडणारा वाऱ्याचा दाब हें तुमचें बोट, आणि पाण्याखालील पातें व फळीची कड हा मेजाचा अटकाव. शीड पुढें कलविलें म्हणजे दाबाचें ठिकाण अटकावाच्या पुढें जातें आणि फळीचें नाक वाऱ्यापासून दूर वळतें. शीड मागें कलविलें म्हणजे नाक वाऱ्याकडे वळतें. एवढ्यावर सर्व सुकाणूगिरी चालते.

आणखी एक प्रश्न मुलें नेहमीं विचारतात. वारा ज्या दिशेस वाहतो त्याच दिशेस शीड ओढलें जाईल. मग फळी आडवी कशी धांवते? ओला चिंचोका आंगठा व तर्जनी यांच्यामध्यें धरून दाबा. तो बोटांच्या दिशेनें न जातां सटकन पुढें उडतो. येथेंहि तसेंच होतें. एका बाजूनें वारा शिडाला दाबतो, दुसऱ्या बाजूनें पाणी पात्याला हटूं देत नाहीं, आणि या कात्रींत सांपडलेली फळी मोकळ्या दिशेनें, म्हणजे पुढें, निसटते. वेग वाढला कीं ती पाणी कापीत जाण्याऐवजीं पाण्याच्या पृष्ठावर उचलली जाऊन घसरूं लागते. मग पाण्याचा विरोध एकदम कमी होतो, व ती प्रत्यक्ष वाऱ्याहूनहि अधिक वेगानें जाऊं शकते. वाऱ्याच्या पुढें पळणारें वाऱ्याचें वाहन, हें ऐकण्यास विचित्र वाटतें खरें. परंतु चिंचोकाहि बोटांच्या हालचालीहून अधिक वेगानें उडतो, हें विसरूं नये.

आतां आपल्या मुख्य विषयाकडे, म्हणजे फार जोराच्या वाऱ्याकडे, वळूं. येथें थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट, वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. तासाला ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर, असा वारा आडव्या धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर सुमारें सहा किलो वजनाइतका जोर लावतो. ६ चौरस मीटरांच्या शिडावर हा जोर सुमारें ३७ किलो होईल. तरुण माणूस अंगाचा भार देऊन तो सहज तोलील. वारा तासाला ७२ किलोमीटर झाला तर त्याच शिडावर दीडशें किलोंचा जोर येईल. माणसाचें स्वतःचें वजन साठ-सत्तर किलो. तो काय तोलणार? शिडाचा आकार, त्याचा वाऱ्याशीं असलेला कोन यांमुळें हे आंकडे पुष्कळ बदलतात, परंतु चौपटीचा नियम बदलत नाहीं. वारा 'थोडा वाढला' असें आपण म्हणतों. तो आपल्याला थोडा वाटतो, शिडाला वाटत नाहीं.

वाऱ्याचा जोर मोजण्यासाठीं फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानें १८०५ सालीं शून्य ते बारा अशा पायऱ्या ठरविल्या, व त्या सुधारलेल्या स्वरूपांत अजून चालू आहेत. चौथ्या पायरीचा वारा तासाला २० ते २८ किलोमीटर असतो. यांत धूळ व कागद उडतात. नवशिक्या शिडाच्या फळीवाल्यानें येथेंच थांबावें. आठवी पायरी ६२ ते ७४ किलोमीटरांची. यांत झाडांच्या डहाळ्या मोडतात व वाऱ्याच्या तोंडावर चालणें कठीण जातें. दहावी पायरी ८९ ते १०२ किलोमीटरांची. यांत झाडें उन्मळून पडतात. असल्या वाऱ्यांत माणसें मुद्दाम पाण्यांत उतरतात, हें पालकांना वेडाचें लक्षण वाटेल. त्यांचें वाटणें सर्वस्वीं चूक आहे असें मला म्हणवत नाहीं. तथापि त्या वेडामागें जी शिस्त आहे ती पाहण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वारा वाढतो तसतशी माणसाची सामग्री लहान होत जाते. मध्यम वाऱ्यांत सहा-सात चौरस मीटरांचें शीड लागतें. आठव्या पायरीच्या वाऱ्यांत साडेतीन, कधीं तीनच मीटरांचें. फळीहि लहान, इतकी कीं उभ्या माणसाचा भार घेऊन ती तरंगतहि नाहीं. वेगांत असेपर्यंतच ती त्याला वर धरते. खालचें पातेंहि आंखूड करावें लागतें, नाहीं तर वेगांत फळी एका कडेवर उचलली जाऊन उलटते. ज्याला मोठें शीड घेऊनच आपलें बळ दाखवावयाचें आहे, त्याला असला वारा पहिल्या दहा मिनिटांत काठावर बसवितो.

दुसरी गोष्ट शिडाच्या ताणाची. साधारण समजूत अशी कीं, वारा जोराचा असला म्हणजे शीड थोडें ढिलें ठेवावें. वस्तुस्थिति याहून वेगळी आहे. शिडाची डोलकाठीकडील कड खालीं बुडाशीं दोरीनें फार जोरानें ताणतात. त्यायोगें डोलकाठी धनुष्यासारखी वांकते, शिडाचें पोट चपटें होतें आणि वरची मागील कड तेवढी सैल पडते. वाऱ्याचा झोत आला कीं हा वरचा भाग आपोआप पिळला जाऊन जास्तीचा वारा सोडून देतो. जोर सर्वांत घातक असतो तो उंचावर, कारण तेथें तरफेची भुजा लांब. तेवढाच जोर तेथें सांडून जातो. खालीं ताठ व वर लवचिक, अशी ही योजना आहे. आमच्या गंवताच्या पात्याला ती कोणी शिकविली नाहीं, तरी त्याला ती ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट शरीराची. नुसत्या हातांनीं दांडी धरणारा माणूस थोड्याच वेळांत थकतो. म्हणून कमरेला एक रुंद पट्टा बांधतात. त्याच्या पुढील आंकडा दांडीच्या दोरीच्या फांसांत अडकवितात व सर्व अंग मागें टाकून शिडाचा ओढा कमरेवर घेतात. गड्ड्याच्या यात्रेंत उंच नंदिध्वज पेलणाऱ्या मानकऱ्यांकडे ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांना हें चटकन समजेल. तेथें मनगटाचा जोर पुरत नाहीं. सबंध देहानें तोल द्यावा लागतो, आणि काठी कलण्यापूर्वीं माणूस हाललेला असावा लागतो. मात्र कमरेच्या आंकड्यांत धोकाहि आहे. अडकलेल्या स्थितींत वाऱ्याचा मोठा झोत आला आणि माणूस बेसावध असला, तर गोफणींतून धोंडा सुटावा तसा तो शिडासकट पुढें फेंकला जातो. म्हणून डोक्याला टोप व छातीला जाड जाकीट घातल्यावांचून असल्या वाऱ्यांत कोणी जाणता माणूस उतरत नाहीं.

पाण्यांत पडल्यावर पुनः उठण्याची रीतहि निराळी. मंद वाऱ्यांत फळीवर उभें राहून शीड दोरीनें वर ओढतात. जोराच्या वाऱ्यांत तें अशक्य. लाटांनीं फळी नाचत असते आणि लहान फळी तर पायांखालीं बुडतेच. तेव्हां पोहणारा शिडाची वाऱ्याकडील कड किंचित् उचलून वाऱ्याला आंत शिरूं देतो, पाय फळीवर टेकतो, आणि मग शीडच त्याला पाण्यांतून उचलून उभें करतें. जो वारा पाडतो त्याच्याकडूनच उठवून घ्यावयाचें. ही एक युक्ति साधण्यास कित्येकांना एक सबंध हंगाम लागतो.

या सर्वांहून मोठी सोय एक आहे, आणि ती मला अत्यंत महत्त्वाची वाटते. कांहींच जमेनासें झालें तर हात सोडून द्यावे. शीड पाण्यांत पडतें, फळी थांबते, व माणूस तिला धरून तरंगत राहतो. फळी कधीं सोडून पोहत निघूं नये, असा या खेळांतील पहिला नियम आहे; कारण फळी बुडत नाहीं आणि दुरून दिसते, पोहणाऱ्याचें डोकें दिसत नाहीं. तसेंच वारा काठाकडून आंत वाहत असेल तर उतरूं नये. अशा वेळीं काठाजवळचें पाणी अगदीं शांत दिसतें, कारण लाट वाढण्यास अंतर लागतें. परंतु तो शांतपणा फसवा असतो. परत येण्याची शक्ति सरली तर वारा माणसाला आंतच नेत राहतो.

या खेळांतील वेगाची नोंद करण्याचें प्रसिद्ध स्थान आफ्रिकेंतील नामिबिया देशांत लुडरिट्झ येथें आहे. तेथें किनाऱ्यावर वाळूंत एक अरुंद सरळ कालवा खोदतात. वाळवंटावरून येणारा प्रचंड वारा त्या कालव्यावर तिरका वाहतो. पाणी उथळ व अरुंद असल्यामुळें लाट उठत नाहीं. वारा वादळाचा आणि पाणी आरशासारखें, असा योग निसर्गांत विरळा, म्हणून तो असा घडवून आणिला. २०१५ सालीं फ्रान्सचे आंत्वान आल्बो यांनीं तेथें ५०० मीटरांच्या पल्ल्यावर सरासरी ५३.२७ नॉट वेग गांठला. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात् १.८५२ किलोमीटर; म्हणजे हा वेग तासाला ९८ किलोमीटरांहून अधिक झाला. याच्या उलट, वादळाचा वारा व वादळाच्याच लाटा अशा दोहोंत उतरण्याची एक स्पर्धा २०१३ सालीं आयर्लंडच्या किनाऱ्यावर सुरू झाली. तिची तारीख आधीं ठरलेली नव्हती. हवामानाचे नकाशे पाहात बसावयाचें, आणि दहाव्या पायरीचें वादळ जेथें येणार तेथें खेळाडूंनीं धांवत जावयाचें. पुढील फेऱ्या टास्मानियांत व इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर झाल्या. तेथील थंड हवा आपल्या वैशाखांतील हवेपेक्षां दाट असते, त्यामुळें त्याच वेगाचा वारा तेथें अधिक जोर लावतो; ही बाब सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

आपल्या देशांत हा खेळ अजून थोड्यांचा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर तो रुजला आहे, व तेथील कात्या कोएल्हो यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत भाग घेतला होता. पुढें २०२३ सालीं चीनमध्यें झालेल्या आशियाई स्पर्धांत ईबाद अली यांनीं शिडाच्या फळीच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. पावसाळ्यांत मात्र आपला पश्चिम समुद्र असल्या खेळांना बंद असतो. आपले कोळीबांधवहि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात, आणि सरकारनेंहि महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी मना केली आहे.

आतां घराकडे येऊं. सोलापूर जिल्ह्यांतील घातक वारा आषाढांतला नव्हे. आषाढांतील पश्चिमेचा वारा जोराचा खरा, पण तो दिवसचे दिवस एकाच दिशेनें वाहतो व माणसें त्याला ओळखून असतात. खरा दगा देणारा वारा वळवाचा. दुपारीं जमीन तापते, हवा वर चढते व ढगांचे मनोरे उभे राहतात. त्यांतून पाऊस पडूं लागला कीं खालच्या कोरड्या हवेंत बरेचसे थेंब वाटेंतच सुकून जातात. थेंब सुकतांना भोंवतालची उष्णता घेतात, हें मातीच्या माठावरून तुम्हांस ठाऊक आहेच. त्यामुळें तेथील हवा एकदम थंड व जड होऊन खालीं कोसळते, जमिनीवर आपटते आणि चोहोंकडे पसरते. पाऊस दूर दिसत असतांनाच आपल्या अंगावर जो गार झोत येतो तो हाच. त्याच्या आधीं बहुधा वारा पडलेला असतो, आणि तो येतो कोणत्या दिशेनें हें ढग कोठें आहे यावर अवलंबून असतें. स्तब्ध हवेपासून साठ-सत्तर किलोमीटरांच्या वेगापर्यंत जाण्यास त्याला कांहीं मिनिटेंच पुरतात. वर सांगितलेला चौपटीचा नियम येथें आठवावा.

२१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून पलीकडे इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे जाणारी एक प्रवासी बोट उजनीच्या जलाशयांत असल्याच वादळी वाऱ्यांत सांपडून उलटली. बोटींतील एक जण पोहून काठास लागला. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेंहि होतीं. दोन्ही गांवें पाण्याच्या समोरासमोरच्या तीरांवर. रस्त्यानें जावयाचें तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक बोटीनें जात. त्यांत कोणी खेळावयास निघालें नव्हतें.

अशा पाण्यावर लाट किती उठते? पांच किलोमीटरांच्या मोकळ्या पाण्यावरून साठ किलोमीटर वेगाचा वारा वाहूं लागला तर अर्ध्या-पाऊण तासांत दीड हात उंचीची लाट सहज होते. समुद्राच्या मानानें ही लाट कांहींच नव्हे. परंतु समुद्राची लाट लांब असते, होडी तिच्यावर चढते व उतरते. जलाशयांतील लाट आंखूड, उभी व दोन-तीन सेकंदांनीं पाठोपाठ येणारी; लहान होडी एकीवरून सांवरते न सांवरते तोंच दुसरी आदळते. होडी लाटांना आडवी झाली कीं पाणी आंत येतें. आंत आलेलें पाणी ज्या बाजूस होडी कलली त्याच बाजूस धांवतें व तिला आणखी कलवितें. भ्यालेलीं माणसें उभीं राहतात, त्यामुळें भाराचें केंद्र वर जातें. आणि लाटेपासून दूर सरकण्यासाठीं तीं एका कडेला जमतात. शिडाच्या फळीवाल्याला हात सोडण्याची सोय होती. होडींतल्या प्रवाशाला सोडून देण्याजोगें कांहीं नसतें. म्हणून त्याच्या अंगावर तरंगणारें जाकीट आधींपासून चढविलेलें असलें पाहिजे. उलटलेल्या होडींत तें शोधण्यास अवकाश नसतो.

वादळ अंगावर आलेंच तर तळाशीं बसून राहावें, आणि होडीवाल्यानें नाक लाटांकडे किंचित् तिरकें ठेवून हळू चालावें. आडवें कधीं होऊं नये. परंतु हा उपाय सांपडलेल्याचा झाला. मे महिन्यांत पलीकडे जावयाचेंच असेल तर सकाळीं जावें, कारण तेव्हां ढगांचे मनोरे चढलेले नसतात. तिसऱ्या प्रहरीं क्षितिजावर काळोखी, तिच्या खालीं धुळीचा तांबूस पट्टा, पडलेला वारा आणि मग अंगाला लागणारा पहिला गार झोत, हीं चिन्हें दिसलीं तर काठावरच्या माणसानें काठावर राहावें, आणि पाण्यावरच्यानें जवळचा कोणताहि तीर धरावा, मग तो आपल्या गांवाचा असो वा नसो. असा झोत बहुधा अर्ध्या-पाऊण तासांत ओसरतो. वारा पडला तरी पाणी लगेच निवत नाहीं. लाटा त्यानंतरहि कांहीं वेळ चालूच राहतात, आणि तेवढा वेळ होडी बांधलेलीच ठेवावी.